मामांचा घाट, वरून : एका व्हिडिओच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

काल धनकवडीला मामांकडे गेलो होतो. मोबाइलवर फ्लाइटगिअर या विमान उडवायच्या सिम्युलेटरमधली माझी अर्ध्या मिनिटाची क्लिप दाखवली. खाली खडकवासल्याचं पाणी, वर पंख. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिली आणि विचारलं, "यात घाट दिसतो का रे?"

घाट म्हणजे बोरघाट. दुसरा कुठला असूच शकत नाही. मामांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्म्याहून जास्त पुणे–दादर एशियाडवर. विमानात बसले ते एकदाच, तेही मधल्या खुर्चीत. "दिसतो," म्हटलं. "मग टीव्हीवर लावून दे. मोबाइलमध्ये डोळे फोडत बसणार नाही मी."

तर काम असं : लोहगाव ते जुहू, सेसना १७२ हे छोटं विमान, घाटावरून. ते सगळं रेकॉर्ड करायचं आणि मामांच्या टीव्हीवर पेन ड्राइव्हनं चालेल असं करून द्यायचं. मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम. ही वही उघडलीय त्यावरून कळतंच आहे.

१३ जुलै, रविवार

पहिली चाचणी. चूक पहिल्या मिनिटातच. सिम्युलेटरला खरं हवामान घ्यायला सांगितलं होतं. त्यानं इमानेइतबारे लोहगावचा आत्ताचा रिपोर्ट आणला आणि मला जुलैच्या ढगात सोडलं. देहूरोडपासून पुढे सगळं राखाडी. पावसात घाट कसा दिसतो ते मामांना मी दाखवायची गरज नाही. हवामान बंद, सप्टेंबरची सकाळ हातानं लावली.

उंची ४,५०० फूट ठरवली. लोहगाव विमानतळच १,९४२ फुटांवर आहे आणि लोहगड किल्ला ३,३९०च्या आसपास, म्हणजे किल्ल्यावरून साधारण हजार-अकराशे फुटांनी जाता येतं. याहून वर गेलं की घाट सपाट दिसायला लागतो, खाली गेलं की माझे हात थरथरतात.

नागफणी बघून मात्र वाईट वाटलं. सुळक्याच्या जागी उशीसारखा उंचवटा. कारण साधं आहे. इथल्या जमिनीची उंची फेब्रुवारी २०००मध्ये एन्डेव्हर यानानं अकरा दिवस रडार फिरवून मोजलेल्या नोंदींवरून येते आणि त्यातले बिंदू साधारण ९० मीटरवर एक असे आहेत. एक बिंदू कड्याच्या वर, पुढचा थेट पायथ्याशी, आणि मधली भिंत संगणक उतार समजून भरून काढतो. सह्याद्रीचे कडे असे सगळीकडेच गुळगुळीत होतात. लोहगडाचा विंचूकाटा, ती चिंचोळी सोंड, तर औषधालाही नाही. मामांना आधीच सांगून ठेवायला हवं.

१६ जुलै, बुधवार

हिंजवडीहून घरी यायला पावणेदोन तास. त्यामुळे आज फक्त सेटिंग.

रेकॉर्डिंग ओबीएसवर, म्हणजे पडदा रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. कॉम्प्रेस न करता ठेवलं तर किती होईल, म्हणून हिशेब मांडला. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट, सेकंदाला ६० फ्रेम. सेकंदाला ३७३ एमबी. मिनिटाला २२ जीबीच्या वर. सबंध प्रवासाला नऊशे जीबी लागतील आणि माझ्या डिस्कवर रिकामे आहेत ८०.

आधी व्हिडिओ दाबून लहान करणारा (एन्कोड करणारा) एक्स२६४ लावून पाहिला, तो प्रोसेसरवर चालतो. सिम्युलेटर ६० फ्रेमवरून ३८वर आला, कारण दोघांचं भांडण एकाच प्रोसेसरवरून. मग ग्राफिक्स कार्डातला एनव्हेन्क निवडला. कार्डात एन्कोडिंगसाठी वेगळा भाग असतो, तो चित्र काढणाऱ्या भागाच्या फारसा आड येत नाही. पुन्हा ६०. सीक्यूपी, म्हणजे दर्जाचा आकडा, १८ ठेवला. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मिनिटाला सुमारे ३०० एमबी पडतायत. चालेल.

आणि मग झोपायच्या वेळी मला वेगदर्शकावरची लाल रेघ दिसली.

सेसनाच्या वेगाच्या तबकडीवर १५८ नॉटला एक बारीक लाल रेघ असते, त्यापुढे जायचं नाही. सिम्युलेटरमध्ये ती रेघ धारदार, रेकॉर्डिंगमध्ये कुंकू फिसकटल्यासारखी. कारण नेहमीच्या व्हिडिओत उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा लिहितात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. बारीक लाल रेघ काळ्यावर असली की रंग शेजाऱ्यांत वाटला जातो. ओबीएसमध्ये रंग पूर्ण लिहिण्याची सोय आहे, ४:४:४. ती लावली. रेघ लगेच सुधारली. साडेबारा वाजले. मामा वेगदर्शकाकडे बघणार आहेत का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

१९ जुलै, शनिवार

हुशारी नडली. विचार असा होता की आधी निवांत उडायचं आणि नंतर सिम्युलेटरचा रिप्ले लावून, पाहिजे तो कॅमेरा निवडून रेकॉर्ड करायचं. उडतानाच रेकॉर्डिंगचा ताण नको.

उडालो, जुहूला उतरलो (तीन उड्या मारून, पण उतरलो), रिप्ले लावला. शेवटचं मिनिट लोण्यासारखं. त्याच्या मागचं विमान थोडं अडखळतं आणि त्याहून मागचं, म्हणजे नेमका घाट, अक्षरशः एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फेकल्यासारखं सरकतं. साधा रिप्ले ताजा भाग बारीक जपतो आणि जुन्या भागाचे नमुने विरळ करत जातो, मेमरी वाचवायला. उड्डाण सुरू करण्याआधी 'कंटिन्युअस रेकॉर्डिंग' लावलं असतं तर सगळं बारकाईनं फाइलमध्ये गेलं असतं. ते मी नंतर वाचलं.

असो. थेटच रेकॉर्ड करायचं. कॅमेराही एकच ठेवायचा, डाव्या खिडकीतून थोडा पुढे. ड्रायव्हरला बाजू बदललेली आवडत नाही.

२४ जुलै, गुरुवार

दिव्याची आवस. आईनं दिवे घासून पाटावर मांडले, मी ऑफिसातून लवकर आलो, सव्वासातला उड्डाण. फार सुंदर चाललं होतं. वारा नाही, तळेगाव, कामशेत, उजवीकडे वळवणचं पाणी, घाट, खोपोली. पनवेलच्या अलीकडे, एकतिसाव्या मिनिटाला, लाईट गेली.

दिव्याच्याच आवसेला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघ, मांडलेत म्हणून बरं."

लॅपटॉपची बॅटरी दीड वर्ष नावालाच आहे, त्यामुळे तोही गेला. त्याचं एवढं दुःख नाही. दुःख याचं की मी रेकॉर्डिंग थेट एमपी४मध्ये करत होतो, 'नंतर बदलायचं काम वाचेल' म्हणून. कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे ठेवलीय याची अनुक्रमणिका साध्या एमपी४मध्ये रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सगळ्यात शेवटी लिहिली जाते. माझं रेकॉर्डिंग थांबवलंच गेलं नाही. ९ जीबीची फाइल डिस्कवर आहे, एकतीस मिनिटं त्यात आहेत आणि एकही प्लेअर ती उघडत नाही. त्याच सेटिंगची एखादी धड फाइल नमुना म्हणून दाखवली तर अशी तुटकी फाइल दुरुस्त करणारी साधनं आहेत. तासभर मेणबत्तीसारखं तोंड करून तेही केलं. आवाज परत आला. चित्रात हिरवे चौकोन.

ओबीएस हे टाळायला एमकेव्ही हा फाइलचा दुसरा प्रकार देतं. त्यात मधेच तुटलं तरी तोपर्यंतचं शाबूत राहतं. नंतर मेनूतून 'रीमक्स' केलं की दहा-पंधरा सेकंदांत एमपी४ मिळतं, कारण चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, फक्त डबा बदलतो. नव्या आवृत्त्यांत हायब्रिड एमपी४ही आलंय, तेही तुटण्यातून वाचतं. म्हणजे मी ज्या दहा-पंधरा सेकंदांची बचत करत होतो…

२६ जुलै, शनिवार

शेजारच्यांकडून यूपीएस आणला, रविवारपुरता. एमकेव्ही लावलं. मामांना फोन केला की उद्या इकडेच या, मी उडवतो, तुम्ही बोला. माइक जोडून आवाजाचे दोन ट्रॅक वेगळे केले : पहिल्यावर फक्त इंजिन, दुसऱ्यावर फक्त माइक. मिसळून घेतलं असतं तर मामांचा आवाज इंजिनाखाली कायमचा दबला असता.

२७ जुलै, रविवार

झालं. ४१ मिनिटं, १२ जीबी, लाईट गेली नाही.

मामा सव्वाअकराला आले, पांढरा शर्ट इस्त्रीचा. खुर्ची माझ्या डावीकडे ओढून बसले. पहिली सात-आठ मिनिटं गप्प. मला वाटलं, माइक बघून बुजले. मग तळेगाव आलं आणि सुरू झाले. इथं डिझेल स्वस्त मिळायचं अशी अफवा होती. इथं वडगावला एकदा बैलगाडी आडवी. कामशेतच्या खिंडीत धुकं असं की क्लीनर पुढे चालत गेला होता, टॉवेल हलवत.

खंडाळ्याला मात्र खुर्चीत पुढे सरकले. "अमृतांजन कुठाय?" पूल सिम्युलेटरमध्ये नाही; तसा तो आता प्रत्यक्षातही नाही. १८३०चा पूल २०२०च्या एप्रिलमध्ये पाडला, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा. मी हे सांगितलं तर मामा म्हणाले, "ते मला माहितीये. पण जागा दाखव." जागा दाखवली.

मग घाट उतरताना, विसाव्या मिनिटाला, त्यांनी विचारलं, "आता आपण शिंगरोबाच्या वर असू का?" नकाशा बघून म्हटलं, साधारण. शिंगरोबा म्हणजे इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर असं सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, जाता-येता ड्रायव्हर नाणं टाकतात. मामांनी हात जोडले. रेकॉर्डिंगमध्ये तिथे चार सेकंद नुसतं इंजिन आहे.

पनवेलपासून पुढे त्यांचं लक्ष उडालं. जुहूजवळ मी सांगितलं की १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते, एका इंजिनाच्या पुस मॉथमधून. "एकटेच? क्लीनर नाही?" एवढंच. लँडिंग बरं झालं, एकच उडी.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी, सुट्टी नाही. रात्री एफएफएमपेगला, म्हणजे व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरला, फाइल दिली, सकाळी उठून पाहिली. चित्र छान. मामा गायब.

पोटात गोळा आला. हेडफोन लावून ऐकलं, तळेगाव, खंडाळा, सगळीकडे नुसतं घर्रर्र. मूळ एमकेव्ही उघडून दुसरा ट्रॅक लावला तेव्हा 'बैलगाडी आडवी' ऐकू आलं आणि मी चहा घेतला. गोष्ट अशी की फाइलमध्ये आवाजाचे कितीही ट्रॅक असोत, वेगळं सांगितलं नाही तर एफएफएमपेग त्यातला एकच उचलतो. काय काय घ्यायचं हे 'मॅप'नं नाव घेऊन सांगावं लागतं. मूळ फाइल काल 'जागा हवी' म्हणून उडवणार होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

टीव्हीवर मामा ट्रॅक बदलत बसणार नाहीत, म्हणून दोन्ही मिसळून एकच करायचा. मिसळणारा फिल्टर आपणहून दोन्हींचा आवाज कमी करतो, टोकाला जाऊन फाटू नये म्हणून. ते बंद केलं, माइक आहे तसा ठेवला, इंजिन पाव केलं. नमुना मामांना पाठवला. उत्तर : इंजिन अजून थोडं वाढव, गाडी बंद पडल्यासारखी वाटतेय. तर पावाऐवजी एक तृतीयांश केलं.

३१ जुलै, गुरुवार

गावांची नावं चित्रावर टाकायची होती. चित्रावर थेट अक्षरं छापणाऱ्या फिल्टरनं (माझी आवृत्ती जुनी) वेलांटी जिथल्या तिथे ठेवलीच नाही. तिकोन्याची पहिली वेलांटी 'त'च्या मागे जाऊन बसली आणि 'विसापूर' वाचता येईना. जोडाक्षरं पाय तोडल्यासारखी.

उपाय : नावं सबटायटलच्या फाइलमध्ये लिहायची आणि ती सबटायटलच्या फिल्टरनं चित्रात भाजून घ्यायची. तो अक्षरांची जुळणी नीट करतो, फॉन्ट फक्त देवनागरी हवा. मुक्ता लावला. वेलांट्या परत आल्या. सोळा नावं, लिहायला दहा मिनिटं, कोणतं नाव नेमकं कुठल्या सेकंदाला हे ठरवायला दोन तास. शिंगरोबाचं नाव टाकलं नाही. मामा बोलतायतच.

१ ऑगस्ट, शुक्रवार

धनकवडी, संध्याकाळ. एकेक मिनिटाच्या सहा चाचण्या पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो. टीव्ही २०१३चा, बत्तीस इंची.

टीव्हीला पेन ड्राइव्हच दिसेना. ६४ जीबीचा होता, दुकानातून येतानाच एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला, आणि या वयाच्या टीव्हीला जुनं फॅट३२ लागतं. मामी म्हणाल्या, "तुझ्या विमानाचं काही खरं नाही, पोहे खा." खाल्ले.

२ ऑगस्ट, शनिवार

तपकीर गल्लीतून १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. दुकानदारानं विचारलं, "एवढा लहान? कशाला?" फॅट३२ करून घेतला. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, आणि माझी 'भारी' आवृत्ती होती ६.१ जीबीची. म्हणजे ती बादच. चाचण्या घेऊन पुन्हा धनकवडी.

पहिल्या तीन : आवाज येतो, चित्र काळं. इंजिन चालू, मामा बोलतायत, पडदा काळा. मामा म्हणाले, "बोगद्यात गेलं." कारण कळायला मला अर्धा तास लागला आणि कळल्यावर लाज वाटली. लाल रेघ. १५८ नॉटची. तिच्यासाठी ४:४:४ लावलं होतं, बदलताना तसंच पुढे गेलं, आणि टीव्हीतल्या चिपला तो प्रकारच माहीत नाही. तिला नेहमीचं ४:२:० लागतं. उरलेल्या तीन चाचण्यांत मी ते बदललेलं होतं, त्या दिसल्या.

चौथी, १०८०ची ६० फ्रेमवाली, अडखळत होती. मामांचं निदान : "क्लच नीट सोडला नाही." निदान बरोबर होतं. टीव्हीची चिप बहुधा एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीच्या ४.१ पातळीपर्यंतचीच. तिथे १०८०ला सेकंदाला ३० फ्रेम बसतात, ६०ला ४.२ लागते. मग पर्याय दोन : १०८० आणि ३० किंवा ७२० आणि ६०. दोन्ही लागोपाठ लावले आणि मामांना काही न सांगता विचारलं, कुठली गाडी चांगली? ७२० आणि ६०. विमान वळतं तेव्हा खालची जमीन सरकताना त्यात हिसका बसत नाही. शिवाय टीव्हीचा पडदाच १३६६ बाय ७६८चा आहे, १०८०तलं जास्तीचं सगळं तो नाहीतरी फेकूनच देत होता.

कडा कापल्या जात होत्या, नावं खालून अर्धी. ते टीव्हीच्या मेनूतच सुटलं.

रात्री घरी येऊन शेवटचं : ७२०, ६०, ४:२:०, दर्जाचा आकडा (सीआरएफ) २०, वेग 'स्लो'. सव्वा तास लागला. २.४ जीबी. फाइलचं नाव रोमनमध्ये दिलं, टीव्ही मराठी नावाचे चौकोन करतो. आणि हो, ७२०मध्ये लाल रेघ पुन्हा फिसकटली आहे.

३ ऑगस्ट, रविवार

मामांनी शेजारचे दोघे बोलावले होते, दोघेही निवृत्त, एक स्वारगेट डेपोचे कंट्रोलर. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या, 'मला काम आहे' म्हणत, शेवटपर्यंत. नागफणीला कंट्रोलर म्हणाले, हे काय, उशी आहे का. मामांनी लगेच रडारचं, नव्वद मीटरचं सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा बरं. खंडाळ्यानंतर कोणी बोलेना, टीव्हीतले मामाच बोलत होते. विसाव्या मिनिटाला तिघांनीही हात जोडले, टीव्हीतल्या मामांच्या थोडे आधीच.

वेगदर्शकाकडे कोणी पाहिलं नाही.

निघताना मामा गेटपर्यंत आले. "हे उतरणं झालं. खरी गाडी कळते ती चढताना. मुंबईहून येतानाचं कधी करतोस?" आणि रात्रीचं पाहिजे, दिवे लागलेले. रात्रीच्या काळ्या आकाशात कॉम्प्रेशनचे पट्टे उठतात, ते वेगळं प्रकरण आहे. डिस्कवर ५१ जीबी रिकामे. २४ तारखेची ती ९ जीबीची तुटकी फाइल आज उडवली, म्हणजे ६०. यूपीएस परत करायचा राहिलाय, विचारतो अजून एक रविवार ठेवू का.